ओंडेतळ्याचे मापारी

पोपट डुंबरे यांचं घर ओंडेतळ्याच्या काठावर होतं. ते पाडलं गेलं, आणि पाडायला लावणारा अर्ज माझ्या अक्षरात होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना मला कोणी भला माणूस समजणार नाही.

आता तळ्यावर सुशोभीकरणाची पाटी लागलीय. कारंजं, जॉगिंग ट्रॅक, सेल्फी पॉइंट. त्या पाटीवर लाकडाचा ल सुद्धा नाही. कल्याणात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटेल हे तळं बदकांसाठीच खणलेलं. अरे, हे तळं लाकडाचं होतं. मुरबाड, शहापूरच्या जंगलातला साग आणि ऐन इथं यायचा, आधी बैलगाड्यांनी, मग ट्रकांनी. काठाला अकरा वखारी आणि दोन सॉ मिल. मागं खाडी. कापलेला माल तिथनं गलबतात चढायचा आणि मुंबईला जायचा. ओंडे आले की पहिल्यांदा तळ्यात बुडवायचे. पाण्यात राहिलेलं लाकूड उन्हात तडकत नाही, त्याला भुंगा लागत नाही. वर्ष, दोन वर्षं, जसं गिऱ्हाईक तसे दिवस. ओंडे भरकटू नयेत म्हणून काठाकाठानं खैराचे खुंट ठोकलेले आणि त्यांना साखळ्या. खुंटांची ती रांग म्हणजे तळ्याची हद्द. दुसरा नकाशा कोणी काढलेला नव्हता. गरजच पडली नव्हती.

पोपट डुंबरे म्हणजे आमचे नाना. त्यांचे वडील ओतूरहून माळशेज घाट उतरून आले ते ओंडे ओढायला. नाना मात्र मापारी झाले. मापारी म्हणजे ओंड्याचं माप घेणारा माणूस. ओंड्याच्या बरोबर मध्यावर दोरीचा वेढा घ्यायचा, लांबी घ्यायची, आकडा मोठ्यानं बोलायचा आणि कारकुनानं लिहायचा. ऐकायला सोपं आहे. पण दोरी बोटभर सैल सोडली तर विकणारा खुश, बोटभर आवळली तर घेणारा खुश, आणि दोघंही मापाऱ्याला चहाला बोलवणारे. नानांची दोरी मेण लावलेली होती, कारण साधी दोरी भिजली की ताणते. त्यांनी बोललेल्या आकड्यावर दुसऱ्यांदा माप घ्यायची कुणाची छाती नव्हती. मला हे माहितीय, कारण माझा बाप त्याच वखारीत हमाल होता आणि तो मालकाला शिव्या द्यायचा, मुकादमाला द्यायचा, नानांना कधी दिली नाही.

वखारीत एक रिवाज होता. मापाऱ्यानं स्वतःचं लाकूड स्वतः मापायचं नाही. नानांनी घरासाठी चार वासे घेतले तेव्हा पलीकडच्या वखारीचा मापारी बोलावला. तो म्हणाला, नाना, तुमच्यापुढं मी काय मापणार? नाना म्हणाले, आपल्या वस्तूवर हात सरळ राहत नाही बाबा.

मग जंगलं सरली, लिलाव आटले, प्लायवूड आलं. परदेशी लाकूड बंदरातनं थेट दुसरीकडं जायला लागलं. एक्क्याण्णवच्या सुमाराला आमची वखार बंद झाली. मालकानं हिशेबाऐवजी आम्हा सहा घरांना मिलच्या मागची जागा दिली. तोंडी. ती जागा म्हणजे जमीन नव्हतीच, चाळीस वर्षं तळ्यात लोटलेला लाकडाचा भुसा होता. आमच्या घरांच्या फरश्या दर पावसाळ्यानंतर बोटभर खाली बसायच्या. पहिलं घर रस्त्याकडं, आमचं. शेवटचं पाण्याकडं, नानांचं. त्यांच्या घरात मधोमध एक काळा जाड खांब होता, आणि त्याला खिळ्यावर ती मेणाची दोरी टांगलेली. मी वर्षानुवर्षं त्या खांबाला टेकून नानांच्या बायकोच्या, मालनकाकींच्या हातचा चहा प्यालेलो. तो खांब तिथं कोणी आणि का उभा केला, हे मी एकदाही विचारलं नाही.

माझं शिक्षण नववी नापास. पण माहितीचा अधिकार काय असतो ते मी स्वतः वाचून शिकलो आणि ऑफिसातल्या साहेबांना माझं आडनाव पाठ झालं. त्याचा मला माज होता. दोन हजार एकवीसला तळ्याच्या पूर्वेला एका बिल्डरनं डेब्रिस टाकायला सुरुवात केली. रोज डंपर, रोज पाणी हातभर मागं. दीड वर्षात तिथं टॉवरचा पाया. मी गेलो तर त्याचा माणूस म्हणाला, इथं तळं होतं याचा कागद दाखव. माझं डोकं सटकलं. कॉलर धरली, चौकीत दोन तास बसलो, आणि तिथून थेट नानांकडं गेलो.

नाना तेव्हा एक्क्याऐंशीचे. मी त्यांना सांगितलं की मला जुना काठ पाहिजे, पुराव्यासकट.  ते म्हणाले, कागद नाही, पण खुंट असतील. खैर पाण्यात कुजत नाही.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत आले आणि काठावरच्या मारुतीच्या देवळाच्या पायरीपासून पावलं मोजत निघाले. थांबले तिथं पहार मारली. हातभर चिखलाखाली खण्ण झालं. एक खुंट, साखळीच्या गंजलेल्या कडीसकट. तीस पावलांवर दुसरा. टॉवरच्या पत्र्याच्या कुंपणाच्या आत तिसरा. मी नाचायचाच बाकी होतो. नाना म्हणाले, "नाचू नको. तळं आधी आम्ही बुजवलंय, भुशानं. हा बिल्डर आपला आत्ता आलाय."

मी हसलो. म्हातारी माणसं असं बोलतात, म्हणून सोडून दिलं.

अर्ज मी त्यांच्याच घरी, त्याच खांबाला टेकून लिहिला. त्यांच्या सांगण्यावरून मोठ्यानं वाचला. जुन्या खुंटांच्या रेषेच्या आत असलेली सर्व बांधकामं काढून तळं मोकळं करावं.

नाना म्हणाले, "सर्व म्हणजे सर्व?"

"सर्वच, नाना. माप काय माणूस बघून घेतात का?"

मालनकाकी पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. त्यांनी नानांकडं बघितलं. नाना खांबाकडं बघत होते. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. दे, अंगठा नको, सही करतो."

पहिला साक्षीदार, पोपट रामजी डुंबरे.

मोजणी लागली ती डिसेंबरात. मोजणीवाले, बिल्डरची चार माणसं, बघायला शंभर. बिल्डरवाल्यांनी टोमणे मारायला सुरुवात केली की म्हाताऱ्याला काल काय जेवला ते आठवतं का विचारा. मी त्यांच्याशी भांडत होतो. नाना नव्हते भांडत. ते टेपचं टोक धरून एका खुंटावरून दुसऱ्यावर जात होते, पूर्वेकडून फिरत फिरत आमच्या ओळीकडं. आमच्या घरापासून रेषा अकरा फूट लांब गेली. मधली चार घरंही वाचली. मग टेप नानांच्या दारात आला आणि नाना थांबले.

त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "सुदेश, हे तू घे."

"का? दमलात?"

"घे म्हणतो ना."

माझं अर्धं लक्ष मागं, बिल्डरच्या माणसाला काय उत्तर फेकायचं त्यात. मी टेप घेतला, आत गेलो आणि जिथं टेप ताणला गेला तिथं थांबलो. समोर तो काळा खांब. मोजणीवाला म्हणाला, हाच पुढचा खुंट का? मी खाली वाकलो. फरशीतून वर आलेल्या खांबाला, जमिनीलगत, साखळीनं घासून पडलेली खाच होती. तीस वर्षं तिथं माझी पाठ टेकलेली. मी आकडा मोठ्यानं बोललो. शंभर लोकांसमोर माझा आवाज खणखणीत लागला. आणि बोलून झाल्यावर मला समजलं की मी काय बोललो.

नाना बाहेर उंबऱ्याशी उभे होते, पाठ करून.

नोटिसा दोघांना आल्या, बिल्डरला आणि नानांना. बिल्डर कोर्टात गेला आणि स्टे घेऊन आला. त्याच्याकडं कागद होते, कसलेही असोत, होते. नानांकडं मालकाचा शब्द होता आणि मालक मरून वीस वर्षं झालेली. मी धावलो. हा अर्ज, तो अर्ज, पाया पडलो म्हटलं तरी चालेल. प्रत्येक टेबलावर मला माझाच अर्ज दाखवायचे. त्यात सर्व लिहिलेलं. एक साहेब हसत म्हणाला, साहेब, तुमच्याच मागणीप्रमाणे काम चाललंय, आता तुम्हीच आडवे येताय?

मार्चमध्ये सकाळी अकराला घर पाडलं. वीस मिनिटं लागली. भुसा, वाळवी लागलेले वासे, पत्रे. खांब मशीनला हलला नाही. ड्रायव्हरनं दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मालनकाकींनी मला एकच विचारलं. "तुला खरंच दिसलं नव्हतं का रे?" मी पडलेला पत्रा बाजूला सरकवायला लागलो. त्या म्हणाल्या, "ह्यांना तर तू अर्ज लिहायच्या आधीपास्नं माहीत होतं. मी म्हटलं, सांगा त्याला, एक आपलं घर वगळ म्हणावं. तर म्हणतात, मी सांगितलं तर ते माझं माप होईल."

नाना-काकी ठाकुर्लीला लेकीकडं, विनिताकडं गेले. विनितानं मला दारात उभं केलं नाही असं नाही, पण पाणी विचारलं नाही. दोन खोल्या, तिसरा मजला. नाना खिडकीशी बसलेले. मला बघून त्यांनी विचारलं, पाणी कुठवर आलं? मी म्हटलं, तुमच्या मोरीच्या जागेपर्यंत. ओळीकडचा भुसा काढला की पाणी आपोआप आत येत होतं. नानांनी विचारलं, आणि तिकडं, टॉवरकडं? तिकडं नाही.  नाना म्हणाले, मला एकदा घेऊन चल.

पावसाळा संपल्यावर मी रिक्षा करून त्यांना घेऊन गेलो. काकी आल्या नाहीत, पण त्यांनी एक पिशवी दिली. ओळीतली माणसं बाहेर आली, मंजुळाकाकूंनी खुर्ची आणली, नाना बसले नाहीत. त्यांचं घर होतं तिथं आता पाणी होतं, गुडघाभर, आणि मधोमध तो एकटा खांब. टॉवरला सातवा स्लॅब पडलेला. समोरनंच दिसत होता. मला वाटलं आता म्हातारा रडेल, आणि मी काय करायचं ते मला सुचेना.

त्यांनी चप्पल काढली, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरले. मी मागोमाग, कोपर धरून. पिशवीतून त्यांनी मेणाची दोरी आणि एक टेप काढला.

"नाना, हा तर तुमचाच..."

"आता कुठं माझा? आता मापायला हरकत नाही."

त्यांनी खांबाच्या मध्याला दोरीचा वेढा घेतला. दोरी ना सैल, ना आवळलेली. गाठीवर नख ठेवून त्यांनी दोरी सोडली आणि टेपवर लावली. मग वखारीत बोलायचे तसा आकडा बोलले, पण आवाज काही लांब गेला नाही. "खैर. वेढा दोन फूट चार इंच." माझ्याकडं बघितलं. "अरे, लिही."

माझ्या खिशात अर्जांचे कागद कायम असतात. एकाच्या पाठीवर मी लिहिलं.

नाना जानेवारीत गेले. टॉवरच्या केसला कोर्टात अजून तारीख पडतेय.