डिकीत बसलेले भावोजी

आज पूनम सागर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी स्टेपनी बाहेर काढली. तापलेल्या रबराचा तो वास आला आणि मला माझे धाकटे दीर सुरेश आठवले, डिकीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेले.

मी तेव्हा नुकतीच गाडी शिकले होते. मागून खडखड आवाज यायला लागला, तसे भावोजी चारचौघांत म्हणायला लागले, "वहिनींनी गाडीची वाट लावली." नवरा हसायचा. एकदा तर म्हणाला, "चावी सुरेशकडेच देऊन टाक." पेणकरपाड्याला आजारी आईकडे मी त्याच गाडीने जायचे.

एका रविवारी सकाळी मी डिकीतली चटई उचलून पाहिली. स्टेपनीचा बोल्ट सैल होता, आणि पंक्चर काढून आणल्यावर ती भावोजींनीच परत डिकीत बसवली होती. मी चटई पुन्हा अंथरली आणि त्यांना म्हटलं, "तुम्हाला गाडीतलं कळतं. जरा डिकीत बसून ऐकता का?"

नवघरचा रस्ता तेव्हा खोदून ठेवला होता. मी एकही खड्डा चुकवला नाही.

"वहिनी, थांबवा! स्टेपनी हलतेय!"

"ती कोणी बसवली होती, भावोजी?"

धुळीने पांढरे झालेले भावोजी डिकीतून उतरून कपडे झटकायला लागले. शेजारी बसलेला नवरा पोट धरून हसत होता. चावी माझ्याकडेच राहिली.

तेव्हा वाटलं, सूड पुरा झाला. आता मात्र नवऱ्याचं ते हसणंच जास्त ऐकू येतं. मलाही तो अगदी तस्साच हसायचा. डिकीत दोघांनाही बसवायला हवं होतं.