लुटारू सरदार आणि माझे बूट

अख्खी नोकरी लोकांना भूल देण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मला व्हायचं होतं गाइड! तेही इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीजवळच्या एका जुन्या चर्चमध्ये, जिथे मध्ययुगातल्या एका फ्रेंच सरदाराचं थडगं आहे. आता लोकांना जागं ठेवायचं होतं. त्या शनिवारी माझी परीक्षा होती. पास झाले तर बिल्ला मिळणार, नाहीतर घरी बसून नवऱ्याच्या टोमॅटोंचं कौतुक करायचं.

परीक्षा घेणार होत्या मुख्य गाइडबाई. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या आणि भयंकर कडक. आम्ही सांगायची माहिती त्यांनीच लिहिलेली. तीत सरदाराची ओळख एका शब्दात होती: लुटारू. फ्रान्समधून आला, इथल्या जमिनी बळकावल्या, विरोध करणाऱ्यांची गावं जाळली. यातला एक शब्दही इकडचा तिकडे झालेला बाईंना खपत नसे.

पण मला वेगळंच काही ठाऊक होतं. त्याच उन्हाळ्यात मी हट्टानं फ्रान्समध्ये त्याच्या गावी जाऊन आले होते. तिथे भर बाजारात त्याचा घोड्यावरचा पुतळा! एका भाजीवालीनं सांगितलं, दुष्काळात यानं आपली कोठारं उघडली, म्हणून आमचं गाव उरलं. इथे लुटारू, तिथे पोशिंदा. हे दुखणं मला नवं नव्हतं. आमचा घोड्यावरचा राजाही इथल्या जुन्या पुस्तकांत मला लुटारू म्हणूनच भेटला होता, आणि तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

परीक्षेच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन थडग्यापाशी पोचले आणि सवयीनं बूट काढले. समाधी म्हटलं की आपले हात आपसूक पायांकडे जातात. मागे वळून पाहते तर काय, अकराच्या अकरा पाहुणे मुकाट्यानं बूट काढताहेत! त्यांना वाटलं, इथला नियमच असावा. बाईंच्या भुवया कपाळात गेल्या. गेला बिल्ला, म्हटलं. मग आता घाबरायचं तरी कशाला? मी जाळलेली गावंही सांगितली आणि उघडलेली कोठारंही सांगितली. एकही जण घड्याळाकडे पाहत नव्हता. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

पाहुणे गेल्यावर बाई जवळ आल्या.

"डॉक्टर, लिहिलेलं सोडून बोललात."

"हो."

"जन्मभर मी मुलांना तो लुटारू म्हणूनच शिकवला. त्याच्या गावी जाऊन विचारावं, हे कधी डोक्यातच आलं नाही." त्यांनी पेन काढलं आणि माझ्या हातातल्या माहितीच्या कागदावरचा तो शब्द स्वतः खोडला. "इथे काय लिहायचं, ते आता तुम्ही ठरवा."

"म्हणजे मी पास?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पुढच्या शनिवारी वेळेवर या," त्या म्हणाल्या. "आणि पाहुण्यांना आधीच कळवायला हवं, जाड मोजे घालून या म्हणून. फरशी फारच गार लागते हो."