हुसेनभाईंची हिरवी कुबडी

हुसेनभाई गेल्याचं मला दुबईच्या खाडीवर कळलं. पलीकडे जायला होडीत पाय ठेवला आणि नावाडी म्हणाला, "मास्तर, आपका पेंटर गया. कल, नींद में." होडी पलीकडे लागली, माणसं उतरली, मी बसूनच राहिलो...

लाकडी लाँचींवर नावं रंगवणं हे हुसेनभाईंचं काम. मूळचे रत्नागिरीकडचे. लहानपणी तापात एक पाय गेला, तेव्हापासून बगलेत कुबडी. होडीत चढताना ती आधी आत टाकत आणि ओरडत, "यल्ला, चला चला, हिला जागा द्या, मी येतोच मागून!" मी पेढीवरचा कारकून, पण खोलीत पुस्तकं होती, थोडी चित्रं काढायचो, म्हणून त्यांच्यासाठी 'मास्तर'.

काही वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचं चित्र काढून मागितलं. गावी अम्माची नजर जात चालली होती. "तिला दिसतंय तोवर एकदा मला बघून घेऊ दे," एवढंच म्हणाले. सुटीचे तीन शुक्रवार मी पेन्सिल घेऊन बसलो. लाँचीशेजारी ताठ उभे हुसेनभाई काढले, दोन्ही पायांवर. कुबडी गाळली. वाटलं, आपण काहीतरी चांगलं देतो आहोत.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "माणूस झकास आहे. कोण हा?"

"तुम्हीच की."

"मग माझी कुबडी कुणी पळवली?"

मी पुस्तकातलं बोललो. कला म्हणजे निवड, सौंदर्यासाठी काही सोडावं लागतं, वगैरे. ते हसले नाहीत. "मास्तर, ही कुबडी अम्मानं सुताराच्या दारात बसून करून घेतली. तीच सोडलीत, तर तिला मी कसा सापडणार?"

मग लाँचीच्या हिरव्या रंगात ब्रश बुडवून त्यांनी माझ्या चित्रात जाड कुबडी ओढली. चित्र बिघडलं म्हणून मी आठवडाभर फुगून होतो.

अम्मा गेल्यावर ते गावाहून चित्र परत घेऊन आले. शेवटी तिला काहीच दिसत नव्हतं, ते सांगत होते. रोज बोटांनी कागद चाचपायची, रंगाचा उंचवटा लागला की म्हणायची, "हा माझा हुसेन."

आता हुसेनभाई गेल्यावर त्यांच्या खोलीतून मी ते चित्र आणलं. मी जपून काढलेला चेहरा तिच्या बोटांनी पुसून गेला आहे. काल डोळे मिटून कागदावरून हात फिरवला... कुबडीपाशी बोट थांबलं.