खिशातला ब्रश

शनिवारी मुंग्यांना पीठ-साखर घालावी, ही आईची शिकवण. मोहाडीच्या आमच्या अंगणात मी ती दोन वर्षं इमानानं घातली, आणि नेमकी कागदी लिंबाच्या बुंध्याशी. मुंग्यांची रांग खोडावर चढू लागली तेव्हा मला वाटायचं, पुण्य वर पोचतंय. मग पानं चिकट झाली, काजळी धरल्यासारखी काळी पडली. फांद्यांवर तपकिरी ठिपके आले. ते मी नवे डोळे फुटले म्हणून बायकोला कौतुकानं दाखवले. ती पदरानं पानं पुसू लागली. ते रोप तिच्या वडिलांनी, जाण्याच्या आदल्या वर्षी, बपेऱ्याहून तेलाच्या डब्यात घालून आणलं होतं.

"काहून जी भाऊ," भिंतीपलीकडून आवाज आला, "किड्यायच्या राखणदारायले पगार देऊन राहिले का?"

हे ब्रशवाले भाऊजी. साकोलीच्या डेपोत गाड्यांची इंजिनं साफ करून निवृत्त झालेले. लोक खिशाला पेन लावतात, हे दात घासायचा जुना ब्रश लावत. 'जयभीम' म्हणत आत आले आणि एक ठिपका नखानं उचकटला. खाली खवले कीड! ती झाडाचा रस पिते, गोड चिकटा सोडते. मुंग्या तो चाटतात आणि तिला सांभाळतात. मी दोन वर्षं त्यांच्या चहापाण्याची सोय करत होतो.

"वरून सारं बेस दिसते जी," भाऊजी म्हणाले. "पान पलटवा, मंग बोला."

हे त्यांचं नेहमीचंच. तहसील कचेरीत एकदा ते कुंडीतला क्रोटन घासत बसले. शिपायानं हटकलं, तर म्हणाले, "साहेबाले लोक भेटतात, याले कोणी भेटत नाही."

रोज सकाळी ते साबणाचं पाणी घेऊन येत, फांदी फांदी घासत. बायको बादली धरी, आणि त्यांच्या चहात आलं टाकी. वीस वर्षांच्या संसारात आल्यासाठी मला सर्दी व्हावी लागे! झाडाला पालवी फुटली तेव्हा ती म्हणाली, "भाऊजीच्या हाताले गुण आहे." माझे दोन्ही हात तेव्हा रिकामेच होते.

लाज वाटते, पण सांगतो. एका दुपारी मी किडीनं भरलेली छाटलेली फांदी उचलली आणि भिंतीवरून त्यांच्या जास्वंदीवर टाकली. महिनाभरात लाल फुलांची ती जास्वंद काळपट, चिकट झाली. भाऊजी चष्मा पुसत घासत राहिले.

पुढे त्यांची नजर मंदावली. बारीक कीड दिसेना. मुलगी नागपूरला घेऊन जायला आली, त्या सकाळी त्यांनी ब्रश खिशातून काढून माझ्या हातात ठेवला.

"जास्वंदीकडे ध्यान ठेवजा जी भाऊ. वाऱ्यानं फांद्या येतात इकडून."

ऑटो वळणावर दिसेनासा झाला, तरी मी ब्रश धरून फाटकातच उभा. शेवटी बायकोला विचारलं, "भाऊजीले माहीत होतं का गं?"

"मले काय माहीत? मी तं त्या दिवशी खिडकीत होती," ती म्हणाली. "जा आता. जास्वंद घासून या, मंग चहात आलं टाकतो."