मामांची गढी कोणी पाडली

आईचे दूरचे भाऊ असलेल्या गढीवाल्या मामांइतका ऐटदार राजा शहाद्याच्या बाजूला दुसरा झाला नाही. त्यांच्या राज्यात एक कोरडा खंदक, अडीच बुरूज आणि एक शेळी होती. पेंढाऱ्यांच्या काळी सारं गाव गुराढोरांसकट गढीत शिरायचं आणि खंदकावरची फळी आत ओढली जायची. माझ्या लहानपणी इंग्रजी अंमलात पेंढारी उरले नव्हते आणि गढीची मागची भिंत इतकी खचली होती की शेळीही तिथूनच ये-जा करी. मामा मात्र रोज दिवेलागणीला समोरची फळी आत ओढत. खंदकात वांगी लावा म्हटलं तर विचारत, "मंग पानी कोठे भरानं?"

बहिणीच्या लग्नाचं आवतण घेऊन मी मागून शिरलो. मामा बाजेवर बसले होते. मी आल्याचं सांगितलं.

"मामा, आवतण देवाले उनू."

"तू आजून उना नही, भाचा," ते बुरुजाकडे पाहत म्हणाले. "दरवाजाकडथीन ये."

मी वळसा घालून फळीसमोर हाक मारली. फळी पडली. "कव्हय उना रे, भाचा?" कधी आलास, असं नव्याने विचारत मामांनी मला पोटाशी धरलं.

आता गावात सांगतात, गढी पावसाने पडली. ते खोटं आहे. आमची घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपरांची. पावसाआधी त्यावर पांढरी माती चढवली नाही तर घर गळतं, आणि गढीच्या भिंतीसारखी मुरलेली माती दुसरीकडे नव्हती. मामा दुपारी झोपले की सारं गाव मागून पाट्या भरायचं. सगळ्यांत मोठी पाटी माझी.

एका श्रावणात झड लागली. मामांची खोली गळू लागली, म्हणून ते आमच्याकडे आले. चहा पिताना आमचं छप्पर गळतं का, ते वर पाहू लागले.

"गयस का रे?"

"नही, मामा."

"गयाव नही. मन्ही भीत शे ती."

आमच्या डोक्यावर त्यांचीच भिंत होती, हे ते ओळखून होते. मामा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "पहिले गाव गढीमा उनं व्हतं. आते गढी गावमा उनी." मग बाहेर पाहून घाईने उठले. "दिवा लागनात. फळी ओढनी पडी."

त्यांच्या खोलीवर माती चढवायचं आम्हाला कधी सुचलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मी चढवणार होतो. ते त्याआधीच गेले. खांदेकरी सवयीने मागच्या खिंडाराकडे वळले, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि आधी समोरची फळी टाकली.