बनुबाईची साताऱ्यातली खोली

आटपाडीच्या बनुबाई धनगरणीचं तोंड असं, की बाजारात भांडण लागलं तर लोक आधी तिची बाजू कोणती ते बघायचे आणि मग आपली ठरवायचे. नवरा जोतीराम वाक्य सुरू करायचा, ते पुरं करायची बनुबाई, आणि बहुतेकदा ते जोतीरामच्या विरुद्ध जायचं. दसरा झाला की दोघं मेंढरं घेऊन आटपाडीचा माळ सोडायची, पश्चिमेच्या ओल्या मुलखात फिरायची आणि पावसाच्या तोंडाला परतायची. शेचाळीस सालच्या हिवाळ्यात सातारच्या शिवारात तळ पडला, तेव्हा बनुबाईनं चूल पेटवता पेटवता सांगून टाकलं, "मी हितनं फुडं येत न्हाई. मला गावात खोली घ्यायची हाय."

धनगराची बाई आणि खोली! दुसरं काही असतं तर जोतीराम हसला असता. पण त्यांचं पहिलं पोर खंबाटकीच्या घाटात झालं होतं आणि थंडीनं गेलं होतं. दुसरं नीरेच्या काठी झालं, तेही बारशापर्यंत टिकलं नाही. आता बनुबाईला तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते, आणि हे पोर कौलाखाली जन्माला यावं, एवढंच तिला पाहिजे होतं. धनगरांच्या देवाकडं, बिरोबाकडं मागून झालं होतं. राहिले होते घरमालक.

घरमालक बिरोबापेक्षा कडक निघाले. जात कोणी तोंडावर विचारत नसे, इतकी सभ्यता गावात होती. गाव कुठलं, मंडळी काय करतात, चुलीवर काय काय शिजतं, अशी विचारपूस चालायची आणि गाडी मेंढरांपाशी आली की खोली नेमकी सकाळीच कुणाला तरी दिलेली असायची. एकाला वाटलं, ही मेंढ्या माडीवर चढवील. दुसऱ्याला म्हणे लोकरीचा वास सोसत नव्हता. हे तो घोंगडं पांघरून सांगत होता.

असं फिरत बनुबाई केसोपंत वकिलांच्या दारात आली. पंतांच्या घराला रस्त्याकडं दार असलेल्या दोन खोल्या होत्या. एकीत कचेरीतला कारकून बायकोसह राहत होता, दुसरीला कुलूप होतं. पंतांनी बनुबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "जागा गेली हो." बनुबाई ओट्याच्या पायरीवर टेकली. आत पंत एका अशिलाला समजावत होते.

"भाड्याचा कायदा फार चमत्कारिक आहे, रावसाहेब. एकदा माणूस आत आला आणि तुम्ही त्याच्याकडून भाडं घेतलंत, की त्याला बाहेर काढता काढता तुमचे केस पिकतील. म्हणून काय पारखायचं ते उंबऱ्याबाहेर पारखा."

बनुबाईनं हे ऐकलं, पदरानं घाम पुसला आणि तळावर परतली.

पंत खटल्यासाठी खंडाळ्याला गेल्याचं कळलं, तशी ती पुन्हा आली, काखेत एक पांढरी धाबळी घेऊन. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर तिनं स्वतः कातली होती आणि सांगाराकडून विणून घेतली होती. खरं तर होणाऱ्या पोरासाठी. दारात पंतांची आई, गोदाकाकू, कसर लागलेली जुनी धाबळी नेसून कुडकुडत उभ्या होत्या. सोवळ्यात लोकर चालते, लोकरीला विटाळ नाही. मेंढीही चालते म्हणा. मेंढीमागं चालणारी बाई तेवढी चालत नाही.

"कितीला गं ही?" काकूंनी धाबळी आधीच हातात घेतली होती.

"पैसं नगत, काकू. खोलीचं म्हैन्याचं भाडं म्हनून घ्या."

"खोली गेली म्हणतो केशव."

"कुठं गेली? ही काय हितंच हाय की."

काकूंनी कुलपाकडं पाहिलं. "तू कोणाची गं?"

"धनगराची."

काकूंनी धाबळी खाली ठेवली. मग तिची ऊब आठवली असावी, कारण त्यांनी ती पुन्हा उचलली. मोह फार वाईट, आणि थंडी त्याहून. किल्ली बनुबाईच्या हातात पडली.

पंत परतले ते खोलीतला धूर बघूनच भडकले. काकू बधल्या नाहीत. "भाडं म्हणून घेतलीय आणि नेसून पूजा केलीय. आता देवासमोर खोटं बोलू का?" पंत बनुबाईकडं वळले. ती पोटावर हात ठेवून दारात उभी होती.

"वकीलसायेब, कायदा मला कळत न्हाई. पर तुमी त्या रावसायबास्नी सांगितलं ते समदं ऐकलंया."

गेल्याच महिन्यात याच मुद्द्यावर पंतांनी एका भाडेकरूच्या बाजूनं खटला जिंकला होता. सारा गाव ते जाणून होता. ते खाली बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "बरं. निदान मराठ्यांची आहे म्हणून सांगा. तो कारकून स्वतःला शहाण्णव कुळी म्हणवतो, कळलं तर जागा सोडील."

"सांगते की," बनुबाई म्हणाली. "तेवढ्यानं छप्पर ऱ्हात आसंल तर माझं काय जातंय?"

आणि तिनं सांगितलं, तेही हात राखून नव्हे. कारकुनाची बायको सुलाबाई रोज दुपारी यायची. तिला बनुबाईनं विट्याजवळचं चिरेबंदी घर सांगितलं, खिल्लारी बैल सांगितले, सुभेदार सासरा सांगितला. हा सासरा लढाईत दर खेपेला नव्या ठिकाणी मरायचा. सुलाबाई भोळी, दर खेपेला रडायची. आणि कळा सुरू झाल्या तेव्हा हीच भोळी बाई तिचा हात धरून बसली, सुईण ओरडत होती तरी हलली नाही. भर दुपारी मुलगा झाला. बाहेर गार वारा सुटला होता, आत पोर उबेत रडत होतं. बनुबाई कौलांकडं बघून पोटभर रडली.

पोर बारशापर्यंत टिकलं. जोतीरामची बहीण तानुबाई तळावरून आली. ती पदर पोटावर घट्ट ओढून पाळण्यापाशी उभी राहिली. गल्लीतल्या बायका जमल्या. पंतांनी मराठ्याला शोभेलसं नाव बनुबाईला आधीच कळवलं होतं, प्रतापराव. तानुबाई वाकली, बायकांनी तिच्या पाठीवर मारायला हात उगारले. तिनं भावजयीकडं पाहिलं.

बनुबाईला आजवर खोटं बोलताना काडीची लाज वाटली नव्हती. आताच जीभ अडली. पहिली दोघं बिननावाची पुरली होती, आणि ह्याला मिळणारं पहिलं नाव उसनं असावं, हे तिला सहन होईना.

"बिरू म्हन," ती म्हणाली.

हे नाव मराठ्याच्या पाळण्यात कुणी ऐकलं नव्हतं. उगारलेले हात तसेच राहिले. सुलाबाईनं विचारलं, "म्हंजी तुमी?"

"धनगर. तुमी माझा हात धरलासा, त्ये मी मरंपतूर इसरायची न्हाई. पर ह्येचं नाव खोटं ठिवायचं हुईना मला."

सुलाबाईचे डोळे भरून आले. तरीही ती उठली आणि घुगऱ्यांना हात न लावता गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. बनुबाईला ते फार लागलं.

कारकुनानं महिना संपायच्या आत सामान हलवलं. पंत दारात येऊन उभे राहिले. "तुमच्यापायी चांगला भाडेकरू गेला."

"लय वाईट झालं," बनुबाई म्हणाली, आणि ते अगदी मनापासून. मग तिनं बिरूला दुसऱ्या अंगावर घेतलं. "वकीलसायेब, ती खोली माझ्या नणंदंला द्या. तिला सातवा लागलाय. तिचं बी पयलं वाटंतच गेलंय."