भुईवर उतरवले त्या दिवशी

सोमवार, दिनांक १२ ऑगस्ट २०२४, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. मी घड्याळ पाहिले होते, म्हणून वेळ नक्की सांगतो. माझी पत्नी परसातून आत आली आणि पाटावर बसली. तिचा पदर घामाने भिजला होता. जबडा आणि डावा खांदा ओढतो, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, असे ती म्हणाली. श्रावणी सोमवारचा उपवास होता, तेव्हा हे उपवासाचे पित्त असावे, असे निदानही तिनेच केले. मी ते मान्य केले. लिंबू-साखरेचे पाणी घे म्हणालो. उपवास संध्याकाळी महादेवाच्या दर्शनानंतरच सुटेल, असे तिने बजावले. या वादात सव्वा तास गेला. तो सव्वा तास माझा अपराध आहे. मी तो उपवासाच्या माथी मारणार नाही.

धानोऱ्याजवळच्या खेड्यात आमचे घर आहे. मी वनपाल म्हणून निवृत्त झालो. झाडाचा घेर आणि लांबी मोजण्यात आयुष्य गेले. जे मोजता येत नाही त्याच्याशी माझे कधी जमले नाही. घरातले देवाचे सगळे तिच्याकडे होते. दर महाशिवरात्रीला ती मार्कंड्याच्या महादेवाला जाई आणि तिथले वैनगंगेचे पाणी लहानशा बाटलीत भरून आणी. तळाला बसलेला गाळ दाखवून मी तिला चिडवीत असे. त्यावर ती म्हणे, "तुमाले मरताना हेच पाजीन." त्या दिवशी शेजारच्या रशीदभाईंनी गाडी काढली, तेव्हाही तिने ती बाटली आठवणीने पिशवीत टाकली. वाटेत ती फारसे बोलली नाही. दोडक्याच्या वेलाला मांडव घालण्याचे मी पंधरा दिवस टाळतो आहे, एवढे मात्र तिने रशीदभाईंना ऐकवले. रशीदभाई म्हणाले, "भाभी, तुम्ही बऱ्या होऊन या, मी घालून देतो." ती म्हणाली, "तुमी नाई. त्यायनंच घातला पायजे."

जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात आम्ही पोचलो, तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिला स्ट्रेचरवर निजवले आणि मी खिडकीशी केसपेपर काढू लागलो. रशीदभाईंची हाक आली. मागे वळून पाहिले तर तिचे डोळे वर गेले होते आणि घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. मग तोही थांबला. मी मनगट धरले. नाडी लागली नाही. जंगलात मी माणसे मरताना पाहिली आहेत. मला शंका उरली नाही. आमच्याकडे जीव खाटेवर जाऊ देत नाहीत. जाणाऱ्याला भुईवर घेतात आणि तोंडात तीर्थ घालतात. देव न मानणाऱ्या माझ्या तोंडून त्या क्षणी तेच निघाले. "रशीदभाई, हिला खाली घ्या." दोघांनी मिळून तिला फरशीवर उतरवले. मी पिशवीतून बाटली काढली आणि झाकण उघडले.

तेवढ्यात एक सिस्टर धावत आली. किरकोळ अंगाची, माझ्या नातीच्या वयाची मुलगी. तिने माझा हात झटकला, पाणी फरशीवर सांडले. "पाणी नका घालू बाबा, श्वासात जाईल. सरका." ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळहातांनी छाती दाबू लागली. डॉक्टर आले. वॉर्डबॉय माझ्या पत्नीला पुन्हा स्ट्रेचरवर उचलू पाहत होता. सिस्टर दाब न थांबवता म्हणाली, "राहू द्या इथीच. खालून कडक आहे, दाब चांगला बसून राह्यला." डॉक्टरांनी मान हलवली आणि तेही खाली बसले.

आता मला जे लिहायचे आहे ते लिहिताना संकोच वाटतो. ती मुलगी माझ्या पत्नीसाठी झगडत होती, त्या वेळी मी भिंतीला टेकून गावी धाकट्या भावाला फोन केला. संपले, तयारी करा, असे सांगितले. माझ्यापुरता मी निकाल देऊन टाकला होता. यंत्राने एकदा झटका दिला, काही झाले नाही. सिस्टरच्या कपाळाचा घाम फरशीवर टपकत होता. दुसऱ्या झटक्यानंतर डॉक्टरांनी मानेला बोटे लावली आणि ती बराच वेळ तशीच ठेवली. मग म्हणाले, "आली." अकरा बेचाळीसला नाडी गेली होती, अकरा एक्कावन्नला परत आली. ती नऊ मिनिटे मी मोजली, पण त्यांत माझा हात कुठेच नव्हता.

दुपारनंतर ती सिस्टर डबा खायला बसली होती. मी समोर जाऊन हात जोडले. ती संकोचून उठली. "माही ड्युटीच होती बाबा. तुमी त्यायले खाली घेतलं होतं, म्हणून एक मिनिटही वाया नाई गेला." तिला खाली घेतले ते निरोप देण्यासाठी, हे त्या मुलीला ठाऊक नव्हते. या जुळणीला काय नाव द्यावे ते मला कळत नाही आणि त्यावर वाद घालण्याची इच्छा नाही. मी पत्नीवरचा हक्क सोडला आणि ज्याच्या हवाली केली त्याने ती परत दिली, एवढेच म्हणू शकतो. जिथे पाणी सांडले होते तिथे मी वाकून फरशीला हात लावला आणि कपाळाला लावला. जाणत्या वयात असा पहिल्यांदाच.

पाच वाजता तिने डोळे उघडले. "छाती दुखून राह्यली. कोणी मारलं मले?" मी म्हणालो, एका सिस्टरने. तिने हाताने छाती चाचपली. मग म्हणाली, "उपवास सुटला का माहा?" सलाईन चालू आहे, म्हणजे सुटलाच, असे मी सांगितले. तिला ते पटले नाही.

बाहेर आलो आणि मला गावाची आठवण झाली. दुपारपासून मी कोणाला काही कळवले नव्हते. भावाला फोन लावला. मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. तुझी वहिनी जिवंत आहे, बोलते आहे, असे मी सांगितले. त्याने ओरडून बायकांना गप्प केले. मग म्हणाला, "भाऊ, तुमची घाई लय मोठी. तिरडीले बांबू तोडून आणले, अंगणात पडले आहेत. आता त्याचं का करू?"

मी म्हणालो, परसात ने आणि दोडक्याच्या वेलाजवळ ठेव. मांडव मी घालीन. मांडवाच्या मेढी आत्ताच मोजून कापून ठेव. वर तिचा हात पोचेल एवढ्याच.